अनुसूया वन्संची गळकी गाडी

वाडीचं फाटक लोटून मी आत शिरले तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात चकलीच्या भाजणीचा डबा होता आणि मनात चहा सोडून दुसरा विचार नव्हता. दिवेआगरला एसटीने यायचं म्हणजे माणगावच्या पुढे अंग नुसतं खिळखिळं होतं. एरवी माझ्या नणंदबाई, अनुसूया वन्सं, आपली गाडी घेऊन फाटकाशी हजर असतात. त्या दिवशी कोणी नाही. हाक मारली तर पोफळींच्या पलीकडून आवाज आला, "चालत ये! आणि येताना करवंटी उचलून आण एक. मोठी बघून!"

आल्याआल्या करवंटी. प्रवास कसा झाला, दमलीस का, काही नाही.

मागच्या पडवीत वन्सं बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. समोर गाडी, आणि गाडीच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला जमिनीवर एक करवंटी. तिच्यात वरून काळपट तेलाचा थेंब पडत होता. मग जरा थांबून दुसरा. करवंटी भरत आली होती. मी आणलेली त्यांनी माझ्या हातातून घेतली, भरलेली हलकेच काढून नवी खाली सरकवली, आणि काढलेल्या करवंटीतलं तेल मलमलच्या फडक्यातून बाटलीत गाळायला लागल्या.

"वन्सं, हे काय चाललंय?"

"गाळतेय. परत आत घालायचंय ना."

"गळलेलं तेल परत आत?"

"मग काय समुद्रात टाकू? तेल आहे ते, विनिता."

मी पिशवी खाली ठेवली आणि आपल्या हाताने चहा करून घेतला.

ही गाडी म्हणजे गोल्फ खेळणारी माणसं हिरवळीवर ज्यात बसून हिंडतात, ती. वर छप्पर, बाजू उघड्या. जवळचंच एक रिसॉर्ट बंद पडलं आणि त्यांचं सामान विकायला निघालं तेव्हा लोकांनी पलंग घेतले, पंखे घेतले. वन्संनी ही गाडी घेतली. तिथे विजेवर चालणारीही एक होती, आवाज न करणारी. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल ते देवाला ठाऊक, म्हणून वन्संनी पेट्रोलवरची निवडली. तेव्हा सगळा गाव हसला. ठमाबाई, जी वाडीत वन्संच्या बरोबरीने राबत म्हातारी झाली, ती अजूनही गाडीला 'आक्काची पालखी' म्हणते.

पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. वन्संच्या खुब्याचा सांधा बदललेला आहे. डॉक्टरांनी सपाट जमिनीवर काठी घेऊन चालायची परवानगी दिली, आणि वाडीत सपाट जमीन कुठली? सगळीकडे पाट, आळी, मुळं, पडलेल्या झावळ्या. आमची वाडी रुंदीला अशी तशीच, पण लांबीला रस्त्यापासून पार समुद्राच्या सुरूंपर्यंत गेलेली. रिक्षा आत शिरत नाही. ही गाडी बरोबर दोन पोफळींमधून जाते. तिच्यात बसून वन्सं सकाळी शिंपणं बघतात, दुपारी नारळ आणतात, संध्याकाळी देवळात जातात. गाडी आहे म्हणून वन्सं वाडीत आहेत, इतकं ते साधं आहे.

आणि वन्संना वाडीतच राहायचं आहे. लग्न केलं नाही. श्रीवर्धनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, सगळ्या तालुक्याची भांडणं आणि सोयरिकी त्यांच्या कानावरून गेलेल्या. भाऊ पनवेलला गेला, म्हणजे आमचे हे. वाडी वन्संनी सांभाळली. दोन हजार वीसच्या वादळाने अर्धीअधिक वाडी आडवी केली तेव्हा लोक म्हणाले, आता विका. वन्संनी पडलेले माड कापून काढले आणि त्या जागी रोपं लावली. त्यातल्या काही माडांना यंदा पहिली पोय, म्हणजे फुलोरा, येईल असं त्या म्हणतात. रोज जाऊन मान वर करून बघतात.

आता माझा मुलगा विहंग. हे गेल्यापासून मी त्याच्याकडे पनवेललाच असते. त्याला आत्याची काळजी आहे, यात शंका नाही. पण त्याची काळजी म्हणजे ऑफिसातल्या मीटिंगसारखी असते, मुद्दे ठरवून. झालं असं होतं, की आठवड्यापूर्वी विहिरीच्या वळणावर वन्संनी ब्रेक दाबला आणि तो लागलाच नाही. गळणारं तेल त्या चाकाच्या ब्रेकमध्ये शिरलं होतं. गाडी वळणावरून सरळ जाऊन एका पोफळीला टेकून थांबली. विहीर हाताच्या अंतरावर. गाडीत मागे बसलेल्या ठमाबाईने उडी मारली आणि पहिला फोन विहंगला केला.

विहंगने आत्याला फोन केला. "आत्या, मी दिवाळीच्या आधीच्या रविवारी येतोय. तोवर गाडी कोरडी असेल, ब्रेक लागत असेल, तर मी एक शब्द बोलणार नाही. नसेल तर तू माझ्याबरोबर पनवेलला. पाहुणी म्हणून नाही, कायमची. कबूल?"

"कबूल," वन्सं म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. एक्स्चेंजची सवय. बोलणं झालं की तार काढायची.

वन्सं एकदा कबूल म्हणाल्या की म्हणाल्या, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर विहंगने मला पुढे पाठवलं होतं. आत्याची बांधाबांध करायला. तेवढं मी वन्संना सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. फक्त माझी पिशवी बघून म्हणाल्या, "एवढीच? मग बरं."

दुसऱ्या दिवशी बोर्लीहून कमलेश आला. त्याचं गॅरेज आहे, मोटारसायकली करतो, पर्यटकांच्या सहा आसनी रिक्षा करतो, होड्यांची इंजिनंही करतो. त्यामुळे त्याला वाटतं जगात जे जे चालतं ते सगळं त्याला येतं. गाडीखाली पाठीवर सरकला आणि लगेच बाहेर आला.

"काही नाही आक्का. अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलंय. रबराची रिंग असते, ती झिजली. आत्ता करून देतो."

"मिळेल का इथे?" मी विचारलं.

"काकू, ही गाडी इथे कोणाकडेय? पण रिक्षाचं सील आहे माझ्याकडे, हाताला सारखंच लागतं."

हाताला सारखंच लागतं! माझ्या तोंडावर आलं होतं, की बाबा, लाडूही हाताला सारखेच लागतात, रव्याचे आणि बेसनाचे. पण नवीन माणूस, गप्प बसले. त्याने जॅक लावला, चाक काढलं, ड्रम काढला, आतला दांडा ओढला, जुनं सील उचकटलं, नवं ठोकून बसवलं. वन्सं स्टूल सरकवत सरकवत त्याच्या मागे. "हळू मार. अरे, तो पाट आहे काय? पुसून घे आधी. ते नट कुठे ठेवलेस? धुळीत ठेवू नकोस, ताटलीत ठेव." कमलेशचे कान लाल झाले. शेवटी वरचा बोल्ट उघडून तेल भरलं, आणि मी बघतेय तोवर वन्संनी आपल्या गाळलेल्या तेलाची बाटलीही पुढे केली.

"आक्का, हे नको. बरोबर भरलंय."

"अरे घाल. जास्त असलेलं बरं."

रात्रभर करवंटी कोरडी. सकाळी वन्सं अशा चेहऱ्याने चहा पीत होत्या, की जणू पनवेल नावाचं गावच नकाशावरून गेलं. मग वाडीची एक फेरी मारून आल्या. गाडी पडवीत लावली, आणि थेंब. मग थेंब. मग थेंब.

कमलेशला फोन. कमलेश म्हणाला, सील जुळलं नसेल. विहंगने मोबाइलवर बघून याच गाडीचं खरं सील मागवलं. "मी शक्य ते सगळं करतोय, आई. नंतर म्हणू नका, आम्हाला संधी दिली नाही." ते पार्सल यायची वाट बघण्यात आठवडा संपत आला. त्यात वन्संना बाहेर पडता येईना. देऊळ चुकलं, शिंपणं ठमाबाईवर आलं. वन्सं पडवीतून ओरडायच्या, "गो ठमे, कडेच्या आळ्याला पाणी गेलं काय?" आणि ठमाबाई पोफळींतून ओरडायची, "न्हाय गेलं! तुजी पालखी घेऊन ये नि बग!" दिवसभर हेच. मी चकल्या तळत होते आणि माझं डोकं तेलाहून जास्त तापत होतं.

नवं सील आलं. कमलेशने पुन्हा जॅक लावला, पुन्हा सगळं काढलं, पुन्हा बसवलं. या वेळी अगदी नेमकं, घट्ट. पुन्हा रात्रभर कोरडं. पुन्हा सकाळी फेरी मारून गाडी आली आणि पुन्हा थेंब.

आता मात्र जो तो बोलायला लागला. कमलेश म्हणाला समुद्राची हवा रबराला खाते. वन्सं म्हणाल्या, "तुझ्या हाताला गळती आहे." ठमाबाई म्हणाली राखणदाराला नारळ दिला नाही म्हणून. वन्सं म्हणाल्या राखणदार वाडी राखतो, गाड्या नाही. ठमाबाई म्हणाली, "पोफलीला कोनी थांबवली मंग गाडी? नायतर इरीत गेली असतीस." वन्सं मला म्हणाल्या, "तू काय बघत बसलीस? करवंटी बदल."

मी करवंटी बदलली. मग हात धुऊन दिवा लावायला गेले. शुभंकरोति म्हटलं, रामरक्षा म्हटली. देवासमोर बसून तेलाच्या सीलबद्दल बोलणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. तरी म्हटलं, देवा, काय ते एकदाचं कर. कोरडी कर नाहीतर मोडून टाक, पण असं थेंबाथेंबाने छळू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी उठायच्या आत राखणदाराच्या दगडापाशी एक नारळही ठेवून आले. वन्संना सांगितलं नाही. ठमाबाईला तर मुळीच नाही.

शनिवारी कमलेश आला तो तोंड पाडूनच. त्याचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि वन्संचे फोन थांबत नव्हते. एरवी तो सकाळी यायचा, गाडी रात्रभर उभी असायची. त्या दिवशी यायला दुपार झाली, आणि वन्सं नुकत्याच वाडीची फेरी मारून आलेल्या. ब्रेकचा भरवसा नाही म्हणून अगदी सावकाश, पण मारून आलेल्या. मी नको म्हणत असताना.

"आधी तेल किती उरलंय बघतो," म्हणून कमलेशने वरच्या बोल्टला पाना लावला. बोल्ट सैल झाला मात्र, आतून जोरात फुस्सकन आवाज आला. ठमाबाई झावळ्यांच्या ढिगावर जाऊन पडली.

"अगो बाय! साप!"

"साप कसला, हवा आहे," कमलेश म्हणाला. पण तोही मागे सरकला होता. "आत हवा कोंडली होती. कशी काय?"

मला तो आवाज ओळखीचा वाटला. माझा अर्धा जन्म त्या आवाजाच्या शेजारी गेला आहे. मी म्हटलं, "कमलेश, कुकरची शिटी चोंदली की वाफ कुठून निघते?"

"रबरातून."

"मग ह्याची शिटी कुठे आहे?"

कमलेशने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, डोकं खाजवलं. "असायला पाहिजे. होडीच्या इंजिनाला असते हवेची नळी. पण इथे तर काही दिसली नाही." विहंगला फोन लावला. तो मीटिंगमध्ये. शनिवारीसुद्धा! मग त्याने मोबाइलवर एक चित्र पाठवलं आणि त्यावर बाण काढला. अ‍ॅक्सलच्या पेटीवर, अगदी वरच्या अंगाला, एक बारकी नळी उभी दाखवली होती. खाली लिहिलं होतं, 'इथून हवा बाहेर पडते. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते.'

कमलेशने हात वर घालून चाचपलं. "नळी नाही. इथे काहीतरी गोळा आहे." स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तसा काळा ढलपा खाली पडला. मग आणखी एक. डांबर होतं वर, डांबराखाली सिमेंट, आणि सिमेंटच्या आत काथ्या.

ठमाबाईने तो ढलपा उचलला, उन्हात धरला, वास घेतला.

"आक्का," ती म्हणाली, "ह्ये तर माडाचं बूच हाय."

आम्ही सगळे वन्संकडे बघायला लागलो.

नारळाची वाडी ज्यांनी केली नाही त्यांना सांगायला हवं. सोंड्या भुंगा माडाचं खोड पोखरतो. बाहेरून काही कळत नाही. एक बारीक भोक दिसतं आणि त्यातून तांबूस चिकट रस गळत असतो. तो दिसला की उशीर करायचा नाही. भोकात औषध घालायचं, काथ्या कोंबायचा, वर सिमेंट थापायचं, वर डांबर. हवा आत जाता कामा नये. भोक नीट बुजलं तर माड वाचतो, राहिलं तर महिन्याभरात शेंडा मोडून खाली येतो. वादळातून राहिलेले माड वन्संनी असेच एकेक भोक बुजवून वाचवले आहेत. खोडावर रस दिसला की त्यांचा हात आपोआप डांबराच्या डब्याकडे जातो.

"कधी केलंत हे?" मी विचारलं.

"श्रावणात," वन्सं म्हणाल्या. आवाज अगदी लहान. "गाडी धुवायला काढली होती. वर बारीकसं भोक दिसलं. त्यातून तांबूस रस... म्हणजे तेल गळत होतं."

"आक्का, ते तेल जास्त भरलं होतं म्हणून वरून ओघळत होतं! तुम्हीच तर म्हणता जास्त असलेलं बरं!" कमलेशचा इतक्या दिवसांचा राग एका दमात बाहेर आला. "आणि तुम्ही मला म्हणालात हाताला गळती!"

"तू तरी वर हात घालून बघितलंस का?" वन्सं म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, ढलप्याकडे बघत, "माड असता तर वाचला असता."

हसावं की डोकं आपटून घ्यावं तेच मला कळेना. म्हणजे इतके दिवस करवंट्या, सीलं, पार्सलं, विहंगचे फोन, माझ्या अर्ध्या जळलेल्या चकल्या, हे सगळं एका बुचासाठी.

कमलेशने नळी साफ केली. आत तार घालून, पेट्रोलने धुऊन. पुन्हा चाक काढलं, दाबाने फाटलेलं सील काढून पार्सलातलं जोडीचं दुसरं बसवलं, ब्रेकच्या तेल प्यायलेल्या पट्ट्या बदलल्या. तेल मापाने भरलं, बाजूच्या भोकाशी लागेपर्यंत, थेंबभर जास्त नाही. वन्संची बाटली मी आधीच उचलून कपाटावर ठेवली होती. मग त्यानेच गाडी पार सुरूंपर्यंत नेली आणि आणली. आम्ही तिघी बायका वाकून करवंटीकडे बघत बसलो. चहा झाला, दिवा लागला. करवंटी कोरडी.

कमलेश गेल्यावर वन्सं मला म्हणाल्या, "विहंगला बुचाचं सांगू नकोस."

"मी खोटं बोलणार नाही वन्सं. त्याने विचारलं तर सांगेन."

"मग त्याने विचारायला नको," म्हणाल्या आणि काठी घेऊन आत गेल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत.

विहंग रविवारी गाडी घेऊन आला. डिकी रिकामी ठेवून आला होता, आत्याच्या सामानासाठी. ते वन्संनी बघितलं. विहंगने आधी आत्याला नमस्कार केला, मग गुडघ्यावर बसून पांढऱ्या रुमालाने चाकाची आतली बाजू पुसली. रुमाल पांढराच. गाडीत बसला. वन्संनी त्याला वाडीभर फिरवलं, विहिरीच्या वळणावर मुद्दाम जोरात नेऊन ब्रेक दाबला. विहंगचं कपाळ पुढच्या काचेला लागता लागता राहिलं.

परत येऊन तो पडवीत बसला. रुमाल पुन्हा फिरवला. कोरडं. मग हसला. "मानलं आत्या. काय होतं शेवटी? दोन सीलं बदलली, तरी कशाने गळत होतं?"

मी चहा गाळत होते. मान वर केली नाही. ठमाबाई दाराशी नारळ सोलत होती, तिचा कोयता थांबला.

"मीच बूच मारलं होतं," वन्सं म्हणाल्या.

आणि सगळं सांगितलं. भोक, रस, काथ्या, डांबर. काही लपवलं नाही, काही कमी केलं नाही. विहंगचं हसू हळूहळू गेलं.

"आत्या, म्हणजे ब्रेक गेला तो तुझ्यामुळे. तू विहिरीत गेली असतीस, ते तुझ्याच हाताने."

"हो."

"आज गाडीचं भोक बुजवलंस. उद्या गॅसच्या शेगडीचं काही करशील. मग?"

"शेगडीला कोण डांबर लावतं?"

"गाडीला तरी कोण लावतं!"

"हे बघ विहंग, काय कबूल होतं? गाडी कोरडी, ब्रेक धड. आहे ना?"

"प्रश्न गाडीचा नाहीये आत्या."

"मग अट गाडीची का घातलीस?"

"कारण मला वाटलं नव्हतं..." तो थांबला. त्याला वाटलं नव्हतं गाडी दुरुस्त होईल. ते तिथल्या सगळ्यांना कळलं.

"असं कर," वन्सं म्हणाल्या, "अट मोड आणि मला घेऊन जा. मी येते. पण तू अट मोडलीस म्हणून येते, मी हरले म्हणून नाही." आणि खरंच काठी टेकून उठल्या, आतल्या खोलीकडे निघाल्या. ट्रंक काढायला. विहंग मागे. "आत्या, असं काय करतेस? ऐक तरी." "ऐकलं. तू बोललास, मी ऐकलं." "तू एकटी असतेस, मला झोप लागत नाही." "गोळी घे." "आई, तू तरी सांग तिला!"

मी काय सांगणार? दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही डोकं उठवत होते. चहा निवून त्यावर साय धरली होती. ठमाबाई माझ्याकडे बघत होती, माझ्याकडून काहीतरी यायचं राहिलंय असं. आत ट्रंक ओढल्याचा खरखर आवाज आला. त्या खुब्याने ती बाई पलंगाखालची ट्रंक ओढत होती!

"पुरे!" मी ओरडले. "मी राहते इथे!"

हे मी ठरवलं नव्हतं. देवाशपथ. तोंडातून निघून गेलं.

खोलीतला आवाज थांबला. विहंग वळला. "तू? आई, तुला इथे करमत नाही. दोन दिवसांत कंटाळतेस."

"कंटाळले तर कंटाळले. तिकडे तरी काय, तुम्ही दोघं नवराबायको ऑफिसला जाता आणि मी टीव्हीशी बोलते. ती एकटी नसेल, तुला झोप लागेल. आणि आता कोणी एक शब्द बोललात तर चकल्यांचा डबा समुद्रात फेकून देईन."

मग वन्सं दारात आल्या. डोळे ओले होते की घामाने चेहरा ओला होता, मी निरखलं नाही.

"तुला कोणी बोलावलंय?" त्या म्हणाल्या.

"कोणी नाही."

"खिडकीजवळचा पलंग माझा आहे."

"माहीत आहे."

"आणि सकाळी माझ्या आधी देवपूजेला बसायचं नाही."

"ते बघू," मी म्हटलं.

विहंग रिकामी डिकी घेऊन संध्याकाळच्या आत निघाला. जाताना माझ्या पाया पडला आणि कानाशी म्हणाला, डांबराचा डबा लपवून ठेव. मी म्हटलं, तू नीट गाडी चालव.

त्याची गाडी रस्त्याला लागते न लागते तोच आमच्या गाडीचा आवाज सुरू झाला. वन्सं कोरं पातळ नेसून, हातात फुलांची परडी घेऊन बसलेल्या. इतके दिवस देऊळ चुकलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसायला गेले तर म्हणाल्या, "इथे परडी आहे. मागे बस."

मागे एक बाक आहे, पाठमोऱ्या तोंडाचा. त्यावर नारळ ठेवतात. मी नारळ बाजूला सारले आणि बसले, गाडीचं तोंड एकीकडे आणि माझं दुसरीकडे.

"जमिनीकडे बघत राहा," वन्सं म्हणाल्या. "थेंब पडतोय का ते सांग."

गाडी निघाली. मी एका हाताने छपराचा दांडा धरला, दुसऱ्याने पदर. पोफळी माझ्यापासून दूर दूर जायला लागल्या, पडवी लहान झाली, दाराशी कोयता घेऊन उभी असलेली ठमाबाई लहान झाली. मधल्या वाटेवर चाकांचे दोन पट्टे आणि त्यांच्यामध्ये कोरडी माती.

"पडतोय का?"

"नाही!"

"नीट बघ. उजेड कमी आहे."

"बघतेय हो!"

"मोठ्याने बोल, इंजिनात ऐकू येत नाही!"

"नाही पडत!" मी ओरडले, आणि त्याच वेळी गाडी पाटावरून उडाली आणि माझ्या मांडीवर एक नारळ येऊन आदळला.